तांब्याचे फेरे

बुऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन ऐन शहरात नाही, लालबागेत आहे. भुसावळकडून आलेली गाडी तिथं थांबायला लागते तेव्हा फलाटावरच्या माणसाला चाकांचा आवाज तेवढा ऐकू येतो. इंजिनाच्या पोटात मात्र त्या वेळी मोठी उलथापालथ चाललेली असते. आजच्या डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ जातींच्या इंजिनांत चाकांना थ्री-फेज इंडक्शन मोटरी जोडलेल्या असतात. गाडी ओढताना त्या वरच्या तारेतून आलेल्या विजेवर चालतात. गाडी हळू करायची वेळ आली की याच मोटरी धावत्या गाडीच्या जोरावर वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेला परत देतात. मोटर तीच, वायंडिंग तेच, फिरण्याची दिशासुद्धा तीच. मघाशी वीज चाक फिरवत होती, आता चाक वीज काढतंय.

हे मला कळलं तेव्हा शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर मी कुठलीही मोटर पूर्वीच्या नजरेनं पाहू शकलो नाही. आणि मोटरी पाहायच्या तर बुऱ्हाणपूरइतकं चांगलं गाव आमच्या भागात दुसरं नाही.

हे गाव यंत्रमागांचं. मोहल्ल्यांतून चालताना भिंतीपलीकडून मागांची खटखट कानावर येत राहते. इथं कापड निघतं ते बरंचसं कोरं: धोतराचं, अस्तराचं, बकरमचं, मलमपट्टीच्या जाळीचं. प्रत्येक मागाच्या पायाशी अर्ध्या किंवा एक हॉर्सपॉवरची मोटर बसवलेली असते. तिच्यावरून पट्टा जातो, धोटा पळतो, ताण्यात बाणा भरला जातो. गावाबाहेर पडलं की तापीच्या खोऱ्यातल्या केळीच्या बागा लागतात, आणि प्रत्येक बागेच्या विहिरीत नाहीतर बोअरमध्ये आणखी एक मोटर असते. एवढ्या मोटरी म्हणजे जळणाऱ्या मोटरीही तेवढ्याच. एक फेज गेली, व्होल्टेज पडलं, बेअरिंग जाम झालं, की वार्निशचा करपट वास सुटतो आणि मोटर सायकलच्या कॅरिअरवर बांधून वायंडिंगवाल्याकडे जाते.

वायंडिंगचं दुकान ज्यानं पाहिलेलं नाही त्याला ते भंगारवाल्याचं वाटेल. दारात उघडे स्टेटर, कोपऱ्यात जळक्या तांब्याचा ढीग, भिंतीला टेस्ट लॅम्प, टेबलावर कात्री, बांबूच्या चिपा, स्लीव्ह, इन्सुलेशनचा कागद आणि वेगवेगळ्या गेजच्या एनॅमल तारांची रिळं. खरा ऐवज असतो एका मळक्या वहीत. कुठल्या मोटरीला किती खाचा, एका कॉइलला किती फेरे, कुठली तार, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत, हे सगळं त्यात मांडलेलं असतं. जळलेली कॉइल कापून तिचे फेरे एकेक करून मोजायचे आणि तेवढेच पुन्हा घालायचे. एक फेरा चुकला तरी मोटर बोलून दाखवते. गुणगुणते, तापते, जास्त करंट खेचते. ही विद्या कुठल्याही कॉलेजात या रूपात शिकवत नाहीत.

अशाच एका दुकानात एक जुनी, एक हॉर्सपॉवरची मोटर पुढ्यात ठेवून मी मिस्त्रींना विचारलं, "हिच्यातून वीज काढता येईल का?"

"भाऊ, मोटर वीज खाते," ते म्हणाले. मग हातातली तार खाली ठेवून जरा थांबले. "पण एक आहे. कंडेन्सर लावलेल्या मोटरीचा मेन स्विच पाडला अन्‌ लगेच हात लावला, तर कधी कधी झटका देते. लाइन तर बंद असते. मग ती वीज कुठली?"

मला हवं होतं ते सगळं या प्रश्नात आलं होतं. कंडेन्सरमध्ये साठलेली वीज हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की मोटर अजून फिरत असते आणि कंडेन्सरच्या साथीनं ती काही क्षण स्वतःच जनरेटर झालेली असते.

इंडक्शन मोटरीच्या रोटरला कुठूनही तार जोडलेली नसते. लोखंडी चकत्यांच्या गठ्ठ्यात ॲल्युमिनिअमच्या कांड्या ओतलेल्या, दोन्ही टोकांना कड्या. पिंजराच तो. हा पिंजरा डोलिवो-डोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरानं १८८९ मध्ये जर्मनीत घडवला आणि आजही तो जवळपास त्याच रूपात आहे. स्टेटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो. चार पोलची मोटर, आपली ५० हर्ट्झची वीज, म्हणजे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. नेमप्लेटवर मात्र १४४० लिहिलेलं असतं, कारण रोटर जरा मागेच राहतो. तो मागे राहतो म्हणूनच ओढला जातो. आता बाहेरून कुणी त्याला १५०० च्या पुढे रेटलं तर? मग तो क्षेत्राच्या पुढे जातो, ओढाताण उलटी होते आणि वीज बाहेर पडू लागते. रेल्वेच्या इंजिनात हेच घडतं, फक्त तिथे क्षेत्राचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते.

अडचण क्षेत्राची आहे. लाइन जोडलेली नसेल तर क्षेत्र आणायचं कुठून? लोखंडाला आठवण असते, असं मी म्हणेन. मोटर कधीकाळी चालली असेल तर रोटरच्या लोखंडात चुंबकत्वाचा लवलेश राहतो. रोटर फिरला की त्यातून दोन-चार व्होल्ट उमटतात. ते कंडेन्सरमध्ये जातात, कंडेन्सर स्टेटरला थोडा करंट देतो, त्यानं क्षेत्र थोडं वाढतं, व्होल्ट वाढतात, आणि हे चक्र स्वतःच्याच बळावर चढत जातं. लोखंडाची चुंबकत्व घेण्याची ताकद संपली की चढणं थांबतं. अमेरिकेत बॅसेट आणि पॉटर या दोघांनी १९३५ मध्ये यावर निबंध लिहिला होता.

आम्ही ते टेबलावर करून पाहिलं. दोन हॉर्सपॉवरच्या मोटरीला चार इंचाची पुली, आमच्या मोटरीला साडेतीनची, मध्ये पट्टा. गणितानं वेग सोळाशेच्या पुढे जायला हवा. कंडेन्सर किती लावायचा याचा हिशेबही जमला: एक हॉर्सपॉवरच्या मोटरीला प्रत्येक दोन टर्मिनलांमध्ये साधारण पाच मायक्रोफॅरड. छताच्या पंख्यात अडीच मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा कंडेन्सर असतो; असे दोन-दोन जोडले की झालं. सहा पंख्यांचे सहा कंडेन्सर.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मोटर फिरत राहिली, मीटरचा काटा पडून राहिला. ती बरीच वर्षं कोपऱ्यात पडलेली, लोखंडाची आठवण पुसली गेली होती. मिस्त्रींनी मोटर थांबवली, मोटारसायकलच्या बॅटरीच्या दोन तारा स्टेटरला क्षणभर टेकवून काढून घेतल्या आणि पुन्हा फिरवली. काटा हलला. आधी हळूहळू, मग एकदम सरसर चढत चारशेच्या आसपास जाऊन थांबला. स्टारमध्ये जोडलेले शंभर-शंभर वॉटचे तीन पिवळे बल्ब पेटले. दुकानात कुणीच काही बोललं नाही. मग कुणीतरी वर एक हीटर जोडला, आणि तिन्ही बल्ब मालवले. मोटर मात्र फिरतच होती. हा या यंत्राचा स्वभाव आहे: झेपेल त्यापेक्षा जास्त भार टाकला की त्याचं क्षेत्रच कोसळतं. वायंडिंग जळत नाही, वीज नाहीशी होते. रोज जळालेल्या मोटरी पाहणाऱ्या मिस्त्रींना हे फार आवडलं.

इथपर्यंत सगळं सोपं. आता पट्ट्याच्या जागी वारा आणायचा.

बुऱ्हाणपूरला वारा म्हटलं की आधी केळी आठवते. मे-जूनमध्ये वादळ येतं आणि तासाभरात घडांनी लगडलेल्या बागा आडव्या होतात. इकडे बुऱ्हाणपूर, तिकडे महाराष्ट्रातलं रावेर. सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच रड. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांचे एकावर एक पापुद्रे, त्याला लाकडाचा कणा नाही. त्यामुळे वाऱ्यापासून वीज काढू असं इथल्या शेतकऱ्याला सांगायला जावं, तर ज्यानं घर बुडवलं त्याच्याशी सोयरीक करायला सांगितल्यासारखं होतं. आणि वर्षातले बाकीचे बरेच दिवस? सातपुड्याच्या आडोशाला, तापीच्या खोलगटात वसलेल्या या शहराच्या गच्च्यांवर वाळत घातलेलं धोतरही जेमतेम हलतं.

वाऱ्याचं गणित निर्दय आहे, पण ते मांडल्याशिवाय या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. वाऱ्यातली ताकद त्याच्या वेगाच्या घनाच्या पटीत असते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट. दोन मीटर व्यासाचं पातं घ्या. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात त्याच्या वाटेवर सुमारे २३५ वॉट ताकद असते. सगळी कधीच मिळत नाही. जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झनं शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं की फार तर ५९ टक्के मिळू शकते, आणि घरगुती पात्याला ३० टक्के मिळाली तरी खूप. म्हणजे ७० वॉट. वारा ३ मीटरवर आला की उरतात १५ वॉट. एक एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर. वारा १० मीटरवर गेला तर साडेपाचशे वॉट. म्हणजे एक हॉर्सपॉवरची मोटर पुरेपूर वापरायला जो वारा लागतो, त्यात केळीही डुलायला लागलेली असते.

दुसरा मेळ वेगाचा. हे दोन मीटरचं पातं ५ मीटरच्या वाऱ्यात मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेतं. आपल्या मोटरीला हवेत पंधराशेच्या वर. मध्ये पट्टा किंवा गिअर घातला की अवघ्या सत्तर वॉटांतले बरेच तिथंच घासून संपतात. मोठ्या पवनचक्कीला गिअर परवडतो, गच्चीवरच्या चक्कीला परवडत नाही. वाऱ्याचा जनरेटर म्हणून भंगारातली मोटर जशीच्या तशी खांबावर चढवणाऱ्यांचे प्रयोग इथंच फसतात.

मग मार्ग कुठला? रोटरची आठवण कायमची करून टाकायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुमितोमो कंपनीत मासातो सागावा यांनी आणि त्याच सुमाराला अमेरिकेत जनरल मोटर्सनं निओडिमिअमचं लोहचुंबक शोधून काढलं. बोटभर तुकडा लोखंडाला चिकटला की हातानं निघत नाही. मोटरीचा रोटर लेथवर चढवून चुंबकाच्या जाडीएवढा उतरवायचा, बऱ्याचदा त्यावर पोलादी बाही चढवायची, आणि चुंबकांच्या रांगा अराल्डाइटनं चिकटवायच्या: एक रांग उत्तर, शेजारची दक्षिण, जितके पोल तितक्या रांगा. वरून काचधाग्याची पट्टी गुंडाळून रेझिननं पक्की करायची, म्हणजे वेगात एखादं चुंबक सुटून स्टेटर फाडणार नाही. आता कंडेन्सर नको, बॅटरी टेकवणं नको, पंधराशेची अट नको. तीनशे फेऱ्यांनाही वीज येते, फक्त व्होल्टेज त्या प्रमाणात पाचवा हिस्सा, म्हणजे ढोबळमानानं ऐंशीच्या घरात. वाऱ्याबरोबर ते सतत वरखाली होणार, म्हणून डायोडच्या ब्रिजमधून डीसी करून बॅटरीत साठवायची आणि तिथून दिवे लावायचे. ही वीज वितरण कंपनीच्या लाइनला परस्पर जोडायचा विचारही कुणी करू नये. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्यानं जातो.

चुंबकांच्या रांगा स्टेटरच्या खाचांना समांतर ठेवल्या तर रोटर प्रत्येक दातापाशी अडखळतो, आणि हलक्या वाऱ्यात पातं सुटतच नाही. म्हणून रांगा जराशा तिरप्या लावतात. साधं निओडिमिअम ८० अंशांपुढे तापलं तर शक्ती गमावू लागतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं. पण हे सगळं लेथवाल्याचं काम. खरी करामत वायंडिंगवाल्याची. २४ खाचांच्या स्टेटरमध्ये चारऐवजी आठ पोलचं वायंडिंग घालायचं, तार जाड घ्यायची की बारीक, फेरे वाढवायचे की कमी करायचे, म्हणजे आपल्या वाऱ्याला आपल्या बॅटरीएवढं व्होल्टेज येईल, हा हिशेब त्याच मळक्या वहीतून सुटतो. कारखान्यानं मोटर एकाच कामासाठी घडवलेली असते. तिला दुसऱ्या कामासाठी पुन्हा घडवू शकेल असा माणूस बुऱ्हाणपूरच्या गल्लीगल्लीत बसलेला आहे, आणि त्याला आपण कारागीरसुद्धा म्हणत नाही. मला हे खुपतं.

डेन्मार्कनं अशा माणसांना ओळखलं. तिथल्या योहानस यूल या इंजिनिअरानं १९५७ मध्ये गेडसर इथं २०० किलोवॉटची पवनचक्की उभारली. तिच्यात त्यानं इंडक्शन जनरेटर वापरला. दहा वर्षं ती चालली आणि मग स्वस्त तेलाच्या काळात विसरली गेली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा तिची आठवण झाली. पुढं पाऊल टाकलं ते क्रिस्टियन रीसगर नावाच्या सुतारानं. त्यानं घराच्या आवारात लाकडी पात्यांची चक्की उभारली, बाजारात मिळणारे गाड्यांचे सुटे भाग वापरले, आणि साधी इंडक्शन मोटर जनरेटर म्हणून लावली. पुढं त्याच्या २२ किलोवॉटच्या चक्क्या लोकांनी विकत घेतल्या. ट्विंड इथल्या शाळांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी तर १९७८ मध्ये ५४ मीटर व्यासाची चक्की स्वतःच्या हातांनी पुरी केली. तिचा जनरेटर स्वीडनमधल्या एका कागद गिरणीतून आणलेला, जुना. हे वाचताना मला हटकून नेपानगर आठवतं. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातच ते आहे. १९५६ मध्ये नेहरूंच्या हस्ते देशाला अर्पण झालेली भारतातली पहिली वृत्तपत्र-कागदाची गिरणी तिथं उभी आहे.

डेन्मार्कचं ते ज्ञान आपल्याकडे आलं तेही विकत घेतलेल्या यंत्रांच्या रूपात. १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिनच्या किनाऱ्यांवर वेस्टास कंपनीच्या ५५ किलोवॉटच्या चक्क्या उभ्या राहिल्या. आणि पुढची मोठी उडी घेणारा माणूस तापीच्या दुसऱ्या टोकाचा निघाला. तुलसी तांतींचा सुरतेत कापडधंदा होता. विजेचा खर्च आणि तिचा बेभरवसा यांनी ते हैराण झाले, दोन पवनचक्क्या विकत घेतल्या, आणि १९९५ मध्ये सुझलॉन ही पवनचक्क्यांची कंपनी काढली. मुलताईला उगम पावून बुऱ्हाणपुरावरून सुरतेला जाणाऱ्या नदीच्या काठी कापड विणणाऱ्या प्रत्येकाला विजेचं हे दुखणं ठाऊक आहे. बुऱ्हाणपूरचा विणकर ते सोसत आला. सुरतेच्या कापडवाल्यापाशी भांडवल होतं, त्यानं त्याचा उद्योग केला. आज खानदेशात साक्रीजवळच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर त्या चक्क्यांची पाती फिरताना दिसतात.

खानदेशाच्याच दुसऱ्या कोपऱ्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगाव या आदिवासी गावानं २००३ मध्ये श्रमदानातून १५ किलोवॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारला होता. वाऱ्याचा नाही, धबधब्याचा. 'स्वदेस' चित्रपटामागे ज्या प्रयत्नांची प्रेरणा आहे त्यांत या गावाचं नाव घेतलं जातं. काही वर्षांत तो प्रकल्प सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. पण तिथं पाणी उंचावरून पडत होतं आणि गावानं तेच धरलं, ही गोष्ट मला बुऱ्हाणपूरच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते.

कारण या शहरानं हेच चारशे वर्षांपूर्वी केलं होतं. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमाराला, सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारानं शहराकडे आणलं गेलं. वर शंभरावर कुंड्या. या 'कुंडी भंडाऱ्या'त उतरलं की खाली नितळ पाणी चालत असतं, ना मोट ना मोटर. ज्यानं तो उतार आखला त्यानं आधी जागा वाचली होती.

तसंच बुऱ्हाणपूरची हवा वाचून मला सांगायला हवं: शहरातल्या गच्चीवर चक्की लावू नका. घरांच्या गर्दीत वारा फाटतो, घुसळतो, पात्याला धड एक दिशा देत नाही. तिथे सूर्याचं पॅनेल स्वस्त आणि खात्रीचं. पण जिल्ह्याच्या कडेनं सातपुडा उभा आहे. उघड्या डोंगरधारेवरच्या पाड्यावर, पावसाळ्याच्या त्या दोन-तीन महिन्यांत जेव्हा दिवसचे दिवस ऊन पडत नाही आणि पश्चिमेचा वारा रात्रंदिवस वाहतो, तेव्हा ही मोटर कामाची आहे. तापीच्याच उगमाकडच्या बैतूल जिल्ह्यात, कुकरूच्या उंचीवर, मोठ्या चक्क्या उभ्या केल्या गेल्या त्या उगाच नाही. खांब जितका उंच तितकं बरं. उंची दुप्पट केली तर मोकळ्या जागी वाऱ्याची ताकद ढोबळमानानं तिसऱ्या हिश्शानं वाढते. आणि शेपूट बिजागरीवर बसवायची, पातं खांबाच्या मध्यापासून जरा बाजूला ठेवायचं, म्हणजे वादळ आलं की चक्की आपोआप तोंड फिरवून घेते. केळीला तोंड फिरवता येत नाही.

मिस्त्रींची मोटर तयार झाली त्या दिवशी मी पुन्हा गेलो होतो. आठ पोल, आठ रांगा चुंबकांच्या, वार्निश अजून ओलसर. पाती यायची होती. त्यांच्या नातवानं शाफ्ट बोटांत धरून फिरवला, आणि तो लोण्यासारखा फिरला. मिस्त्रींनी स्टेटरच्या तिन्ही तारा सोलून एकमेकींना पीळ दिला आणि म्हणाले, "आता फिरव."

पोरानं जोर लावला. मग दोन्ही हातांनी लावला. शाफ्ट फिरत होता, पण चिखलातून पाय उचलावा तसा, जड.

"आबा, कुणी धरलंय का हिला आतून?"

मिस्त्रींनी तारा सोडवल्या, त्याच्या हातात दिल्या आणि त्यालाच पुन्हा जोडायला लावल्या.